काचेला हात लावायचा नाही

आमच्या घरातले नियम बायको करते. चपला कुठे काढायच्या, पाहुण्याला कोणत्या खोलीत बसवायचं, दूध कोणत्या पातेल्यात तापवायचं, सगळं तिचं. माझा नियम एकच आहे. माझ्या फोनच्या काचेला कोणी हात लावायचा नाही. धूळ दिसली तरी नाही, आणि मी चुकतोय असं वाटलं तर अजिबातच नाही.

ऐकणाऱ्याला मी खडूस वाटतो. वाटू द्या. मला दिसत नाही. लहानपणी थोडं दिसायचं, शिक्षक म्हणून लागलो तेव्हा फळ्यावरची रेघ तरी कळायची, मग तीही गेली. आता फोन बोलतो आणि मी ऐकतो. काचेवर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते तो सांगतो. ते उघडायचं असेल तर काचेवर कुठेही दोनदा टकटक करायचं. हे 'कुठेही' डोळस माणसांच्या डोक्यात शिरत नाही. शेवटचं बोट जिथे लागलं असेल, टकटक केल्यावर तेच उघडतं. मग ते बोट कोणाचं का असेना.

त्यातून मी पडदा काळा ठेवतो. शेजारी बसलेल्याला माझे निरोप वाचता येत नाहीत, आणि बॅटरीही पुरते. वाशीमच्या बसस्टँडवर एकदा एक आजोबा शेजारी बसले होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"गुरुजी, बंद हाय तो. कवाचे घासून राह्यले तुमी त्याले."

"बाबा, मीही बंदच आहे. म्हणून आमचं जमतं," मी म्हटलं.

त्यांना विनोद कळला नाही. त्यांनी हळहळून मला पिशवीतला एक पेरू दिला. पेरू गोड होता, त्यामुळे मीही पुढे काही बोललो नाही.

काचेशी माझं जमलं ते तिला चार कोपरे आहेत म्हणून. उजव्या कोपऱ्यात खाली जे काल होतं ते आजही असतं. अंधारात घरातला माठ सापडतो, तसंच ते सापडतं. लॅपटॉपचं तसं नाही. शाळेची सगळी कामं ऑनलाइन झाली तेव्हा मी हौसेने लॅपटॉप घेतला. आमच्या शाळेत माझ्यापेक्षा बरेच लहान एक शिक्षक आहेत, सगळे त्यांना धाकटे गुरुजी म्हणतात. त्यांनी माझं बोट धरून कळफलकाखालच्या गुळगुळीत चौकटीवर ठेवलं. म्हणाले, "हा टचपॅड. फिरवा सर, बाण फिरतो."

"कुठे आहे बाण?"

"हा काय, मधात."

"मधात म्हणजे कुठे?"

ते बिचारे पडद्यावर बोट आपटून दाखवू लागले. तिथेच सगळी गोची आहे. काचेवर माझं बोट जिथे, तिथेच मी. त्या चौकटीवर बोट फिरवलं की बाण आधी जिथे असेल तिथून पुढे सरकतो, आणि तो आधी कुठे होता हे फक्त बघणाऱ्याला ठाऊक. मला एखाद्या अनोळखी गावात सोडून 'दहा पावलं डावीकडे जा' असं सांगितल्यासारखं ते आहे. दहा पावलं मी जाईन हो, पण निघायचं कुठून?

बरं, ती चौकट नुसती वापरायची नाही म्हटलं तरी ती मला वापरायची. टाईप करताना तळहात तिला घासायचा, कर्सर उडून भलतीकडे बसायचा आणि मला पत्ता लागायचा नाही. सहावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत मी शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या मधोमध पालकसभेची सूचना घुसवली होती. मुलं हुशार, त्यांनी पालकसभेला कोण हजर होतं तेही लिहून टाकलं. शेवटी बायकोने एक जुनी लग्नपत्रिका कापून त्या चौकटीवर चिकटपट्टीने बसवली. टचपॅड कायमचा बंद करण्याची एक युक्ती असते हे मला पुढे कळलं, पण मी पत्रिका काढली नाही. टाईप करताना मनगटाखाली उठावाचा गणपती लागतो, आणि मला ते आवडतं.

माझा वसतिगृहापासूनचा एक मित्र आहे, तोही माझ्यासारखाच, अमरावतीला नोकरी करतो. त्याचं मत अगदी उलटं. त्याच्याकडे निराळा लॅपटॉप आहे. त्यातल्या चौकटीवर फोनसारखंच बोट सरकवायचं आणि तो बोलतो म्हणे. "काच म्हणजे नुसती फसवणूक," तो म्हणतो, "जरा धक्का लागला की भलत्याला फोन. माझ्या पॅडवर मी हात टेकवून बसतो, कोणी जवळून गेलं तरी काही होत नाही." आमची यावर तास तास भांडणं होतात. दोन आंधळे गुळगुळीत वस्तूंवरून इतकं भांडू शकतात हे बायकोला अजून पटत नाही. तिच्या मते आम्हाला दुसरी कामं नाहीत.

धक्क्याबद्दल मात्र तो खरं बोलत होता. आता ते सांगतो.

माझी शाळा अनसिंगच्या पुढे, फाट्यावरून आत गेलेल्या एका लहान गावात आहे. चौदा वर्षं मी तिथे मराठी आणि इतिहास शिकवला. त्या शाळेत मी काठी कोपऱ्यात उभी करून ठेवायचो. फाटकापासून सोळा पावलांवर हापशी, तिथून पुढे पायाखाली फरशी लागली की व्हरांडा, आणि तिसरा दरवाजा माझा. मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, माझ्या तासाला हात वर करायचा नाही, बाकावर टिचकी मारायची. महिन्याभरात कोणाची टिचकी कोणती ते मला कळायचं. एक मुलगी उत्तर येत असेल तर दोनदा मारायची आणि येत नसेल तर एकदाच, तेही नाइलाजाने. नव्या शिक्षकाला तो वर्ग म्हणजे गोंगाट वाटला असता, मला तो चेहऱ्यांनी भरलेला वाटायचा. दुसऱ्या कुठल्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून चाचपडायचं, ही कल्पनाच मला नको वाटायची.

बदल्या निघाल्या की माझ्यासारख्या अपंग शिक्षकाला आधी विचारतात, बदली हवी की नको. हवी असेल तर होकार, नको असेल तर नकार. आतापर्यंत मुख्याध्यापकच माझा नकार भरायचे. मला फक्त "भरला हं सर" एवढं कळायचं. यंदा मी ठरवलं की माझा नकार मीच देणार. चौदा वर्षं मुलांना स्वतःची वही स्वतः लिहा म्हणून सांगायचं आणि स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यायचा, मला माझीच लाज वाटायला लागली होती.

एका रविवारी सकाळी फोन घेऊन ओसरीवर बसलो. नाव, शाळा, प्रमाणपत्र, सगळं बिनबोभाट झालं. शेवटी होकार-नकाराची दोन बटनं आली आणि फोन अडला. बनवणाऱ्याने त्या बटनांना नावंच दिलेली नव्हती. वर बोट ठेवलं, फोन म्हणाला, "बटन." खाली ठेवलं, "बटन." धाकट्या गुरुजींनी मला आधी सांगून ठेवलं होतं की वर होकार आणि खाली नकार आहे. मी बोट खालच्यावर ठेवलं. आता दोनदा टकटक केलं की संपलं होतं.

पण मन धजेना. मी पडदा उजळला आणि बायकोला हाक मारली.

ती हात पुसत आली. "काय झालं?"

"दोन गोल दिसतात का? कुठे काय लिहिलंय तेवढं वाच."

"हे खाली नकार," ती म्हणाली, "अन् हे वरी होकार."

फोन दोनदा "बटन" म्हणाला. मला वाटलं माझंच बोट हललं. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि ती पळाली. मी दोनदा टकटक केलं. फोन म्हणाला, "निवडले." मग खाली जाऊन 'सादर करा' दाबलं, खात्रीसाठी निरोपात आलेला क्रमांक टाकला, आणि एखादा गड जिंकल्यासारखा घरात जाऊन म्हणालो, "झालं. माझा मी भरला."

ती म्हणाली, "बरं झालं." त्या दिवशी मी जेवताना जरा जास्तच बोललो.

तीन दिवसांनी शाळेत मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "सर, कंटाळले का आम्हाले? होकार देऊन टाकला, सांगतलंबी नाही."

मी म्हटलं, यादी चुकली असेल. ते म्हणाले, यादीत माझं नाव, माझा क्रमांक, सगळं बरोबर आहे. त्या दिवशी तासाला मुलं टिचक्या मारत राहिली आणि मी कोणालाच उभं केलं नाही.

घरी येताना बसमध्ये मला उलगडलं. "हे खाली, अन् हे वरी." ती नुसती सांगत नव्हती, बोटाने दाखवत होती. आधी खालच्यावर बोट, मग वरच्यावर. शेवटचं बोट तिचं, होकारावर. आणि टकटक माझी.

घरी पोचल्यावर मी जे बोललो ते इथे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. "चार वर्षं सांगतोय, काचेला हात लावू नको. एवढं साधं तुझ्या डोक्यात राहत नाही?"

"मी तं तुमाले दाखवून राह्यली होती."

"मला दाखवून काय उपयोग? मला दिसतं का?"

ती एवढंच म्हणाली, "मुद्दाम नाही केलं मी. आईची आन." मग ती आत गेली. चूक माझीही होती, हे मला तेव्हाही कळत होतं. सादर करण्याआधी 'एकदा पूर्ण वाचून दाखव' म्हणायला मला कमीपणा वाटला होता. मदत तर घ्यायची आणि घेतलीच नाही असंही दाखवायचं, हा माझा जुना रोग आहे. पण त्या वेळी राग हाताशी होता आणि शहाणपण लांब होतं. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोललो.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "शिक्षणाच्या हापिसात फोन लावला होता मी. दुरुस्ती चालू हाय, उद्या शेवटचा दिवस. आपण जाऊ." तिने कोणाला विचारलं, कितीदा लावला, काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता गाडीचं सांगायला हवं. आम्ही राहतो वाशीमला. संध्याकाळी धाकटे गुरुजी मला फाट्यापर्यंत सोडायचे आणि तिथून मला बस मिळायची. सकाळी मात्र ते दुसऱ्या वाटेने यायचे, फाट्यावरून आत न्यायला कोणी नसायचं. म्हणून बायको चाळिशीत स्कूटर शिकली. नऊ वर्षं रोज सकाळी ती मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडत होती आणि तेवढंच अंतर एकटी परत येत होती. सुरुवातीला गावात गंमत झाली. "मास्तरीणबाई आली मास्तराले घेऊन," असं पारावरून ऐकू यायचं. मला ते झोंबायचं. म्हणून मी गाडीवर तिला कधी धरायचो नाही. मागची लोखंडी कडी घट्ट पकडून ताठ बसायचो, जणू मीच तिला घेऊन चाललोय.

त्या दिवशी ऑफिसला निघालो. वाशीममधलाच रस्ता, दहा मिनिटांचा. चौकात एक ऑटो आडवा आला, तिने करकचून ब्रेक दाबला आणि माझा हात कडीवरून सुटून तिच्या पाठीवर आदळला. पदराखाली हाताला काहीतरी टणक लागलं. कमरेभोवती आवळलेला जाड पट्टा होता, त्यात उभ्या पट्ट्या होत्या. आपला हात कुठे आहे हे मला नेहमी कळतं, पण गाडीवर नऊ वर्षांत तो तिथे एकदाही गेलेला नव्हता.

ऑफिसच्या आवारात तिने गाडी लावली. मी उतरलो नाही.

"हे काय बांधलंय कमरेला?"

"काही नाही. चाला, रांग असन."

"कधीपासून?"

"दोन वरसं झाले. मणक्यात गॅप हाय म्हनते डाक्टर. गाडी बंद करा म्हने."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय केलं असतं तुमी? शाळा सोडली असती?" तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "अन् तुमी तरी कवा विचारलं?"

काचेवरची दोन बिननावाची बटनं मी बोटाने शोधून काढतो याचा मला केवढा गर्व होता. रोज माझ्यापासून वीतभर अंतरावर बसणाऱ्या माणसाला काय होतंय ते मला ठाऊक नव्हतं. दिसत नाही, ही सबब तिथे चालत नव्हती. मला भयंकर शरम वाटली.

रांग फार नव्हती. टेबलामागचे लिपिक बोलायला मऊ होते. त्यांनी माझा अर्ज उघडला, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, आणि माझं बोट धरून बरोबर त्या गुळगुळीत चौकटीवर नेऊन ठेवलं. "घ्या सर, तुमच्याच हातानं करा. सध्या होकार दिसून राह्यला. नकार कराचा ना?"

"साहेब, या चौकटीवर मला काही करता येत नाही," मी म्हटलं, "मी कळफलकाच्या बटनांवर करतो. थोडं थांबा."

मी बोट उचललं. शाळा माझ्यासमोर उभी होती, सोळा पावलं, हापशी, तिसरा दरवाजा, दोनदा टिचकी मारणारी ती मुलगी. होकार राहिला तर वाशीमच्या जवळपासच्या शाळा मागता येणार होत्या, घरापासून काठीने चालत जाता येईल अशा. तिथे मी पहिल्या दिवशी नक्की कशाला तरी धडकणार होतो आणि मुलं हसणार होती. मला ते नको होतं. अजूनही नको आहे, खोटं कशाला बोलू?

मी मागे वळलो. ती कुठे उभी आहे ते मला कळत नव्हतं.

"तुला काय पाहिजे?"

"मले काय विचारता? अर्ज तुमचा हाय."

"विचारतोय. तुला काय पाहिजे ते सांग."

ती इतका वेळ काहीच बोलली नाही की मला वाटलं ती बाहेर निघून गेली. मी हात पुढे केला, हवेतच. मग तो तिने धरला.

"मले सकाळचा चहा बसून प्याचा हाय," ती म्हणाली. "नऊ वरसं झाले, उभ्यानंच पेते मी."

मी लिपिकांना म्हटलं, "आहे तसंच राहू द्या."